कॅन्सरसाठी गावात वर्गणी काढायच्या आधी

आमच्या दादाच्या गालात आतून चट्टा आला तेव्हा भातलावणी चालू होती. दादा म्हणजे चुलतभाऊ, पण आमच्यात चुलत-सख्खं कुणी करत नाही. तंबाखूची सवय जुनी. 'तोंड आलंय' म्हणत दोन महिने हळद-तूप लावण्यात गेले. शेवटी कराडला तुकडा काढून तपासला आणि ज्या संध्याकाळी निदान कळलं त्याच संध्याकाळी गावात वर्गणी सुरू झाली. पाटण तालुक्यातलं शे-सव्वाशे उंबऱ्यांचं गाव, तरी तीन दिवसांत १ लाख ८४ हजार रुपये उभे राहिले.

ते वीस दिवसांत संपले. उपचार सुरू व्हायच्या आधीच. खासगी स्कॅन, त्याच त्या तपासण्या दोनदा, भाड्याची गाडी, एका दवाखान्यात घाईघाईनं भरलेलं डिपॉझिट. यातला बराचसा खर्च योजनेतून झाला असता हे नंतर कळलं. खरी नड लागली चार महिन्यांनी, दादाला 'लाईट', म्हणजे रेडिएशन द्यायची वेळ आली तेव्हा. मुंबईत साडेसहा आठवडे राहायचं होतं आणि गावापुढं दुसऱ्यांदा हात पसरायला आम्हाला तोंड नव्हतं.

पुढं पंचक्रोशीतल्या आणखी चार घरांबरोबर मी फिरलो. त्यातून जे कळलं ते क्रमानं लिहितोय. वर्गणी काढाच, पण ज्या खर्चाला दुसरं कुणी पैसे देत नाही त्यासाठी राखून ठेवा.

१. पहिले आठ दिवस फक्त निदान आणि कागद

निदान कळल्यावर सगळ्यांनाच वाटतं, काहीतरी करायला हवं. करायला सोपी गोष्ट म्हणजे पैसे गोळा करणं. थांबा. आधी तुकड्याचा, म्हणजे बायोप्सीचा अहवाल हातात घ्या. त्याबरोबर लॅबमधून काचेच्या पट्ट्या आणि मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. मोठ्या कॅन्सर रुग्णालयात पुन्हा तपासायला ते लागतात. आम्ही नुसता कागद घेऊन मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात गेलो आणि ब्लॉकसाठी मला कराडला परत यावं लागलं. दोन दिवस आणि जाण्यायेण्याचं भाडं गेलं.

स्कॅन, पेट-स्कॅन वगैरे जिथं उपचार घ्यायचे तिथल्या डॉक्टरनं लिहून दिल्यावरच करा. 'जाताना सगळं करूनच जाऊ' हा सल्ला प्रेमाचा असतो, पण महागात पडतो.

आणि याच आठ दिवसांत कुणीतरी झाडपाल्याच्या औषधाचा पत्ता घेऊन येईल. येणारा मायेनंच येतो. त्याला चहा पाजा. गाठ मात्र थांबत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

२. कागदांची पिशवी

प्लास्टिकची चेनवाली फाईल घ्या. प्रत्येक कागदाच्या पाच-सहा झेरॉक्स काढा आणि मोबाईलमध्येही फोटो ठेवा. लागतं ते असं:

- रुग्णाचं आधार कार्ड आणि घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं
- रेशनकार्ड, पिवळं असो, केशरी असो की पांढरं, आणि त्याचा ऑनलाइन बारा अंकी नंबर
- तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला
- आयुष्मान कार्ड, काढलेलं असेल तर
- रुग्णाच्या बँक पासबुकाचं पहिलं पान
- पासपोर्ट आकाराचे दहा फोटो
- बायोप्सीचा अहवाल, पट्ट्या, ब्लॉक, आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून
- रुग्णालयानं सही-शिक्क्यानिशी दिलेलं खर्चाचं अंदाजपत्रक

घोडं हमखास अडतं ते नावावर. आधारवर 'रामचंद्र', रेशनकार्डावर 'रामू', किंवा सुनेचं नाव अजून माहेरच्याच कार्डावर. अशी तफावत दिसली की त्याच दिवशी तहसीलच्या पुरवठा शाखेत जा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आधी तलाठ्याचा अहवाल लागतो, त्यामुळे निदान कळल्याच्या दुसऱ्याच दिवशी अर्ज टाका. पुढच्या बहुतेक दारांत पहिल्यांदा तोच मागतात.

३. गावाआधी सरकारी दारं

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना हे पहिलं दार. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, म्हणून म्हातारी माणसं अजून 'जीवनदायी'च म्हणतात. आता आयुष्मान भारतशी जोडून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि पांढऱ्या कार्डवाल्यांनाही ती खुली झाली आहे. कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन यांची पॅकेजं तिच्यात आहेत. मदतक्रमांक १५५३८८. फोन करून विचारा की तुम्ही जाताय ते रुग्णालय योजनेत आहे का, आणि कॅन्सरसाठी आहे का. नुसतं 'योजनेत आहे' एवढ्यावर विसंबू नका.

रुग्णालयात शिरल्यावर कॅश काउंटरकडे न जाता आधी आरोग्यमित्राचा, म्हणजे तिथं बसणाऱ्या योजनेच्या माणसाचा कक्ष गाठा. उपचाराला आधी मंजुरी घ्यावी लागते. तुम्ही आधी पैसे भरलेत आणि मग योजना आठवली, तर भरलेले पैसे परत मिळतील या आशेवर राहू नका. आमचं डिपॉझिट असंच गेलं. काउंटरवर कुणी आम्हाला विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

बाकीची दारं थोडक्यात.

मुख्यमंत्री सहायता निधी: वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत हवं. खासगी रुग्णालयाचं अंदाजपत्रक असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकाकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं. पैसे रुग्णाला मिळत नाहीत, रुग्णालयाच्या खात्यात जातात, म्हणून ते रुग्णालय निधीच्या यादीत आहे का ते आधी पाहा. यासाठी मंत्रालयाच्या पायऱ्या चढायची गरज उरलेली नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात कक्ष आहे.

पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी: यातूनही कॅन्सरला मदत होते आणि पैसे रुग्णालयालाच जातात. खासदारांचं पत्र जोडलं तर बरं. त्यांच्या कार्यालयातल्या माणसांना अर्ज कसा भरायचा ते पाठ असतं.

धर्मादाय रुग्णालयं: चकचकीत इमारत पाहून परत फिरू नका. विश्वस्त संस्थांच्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली उच्च न्यायालयानं २००६ साली ही योजना घालून दिली. निर्धनसाठी उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार, दुर्बल घटकासाठी ३ लाख ६० हजार. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटून 'निर्धन रुग्ण निधीतून अर्ज करायचाय' असं म्हणा. नेमका शब्द वापरला की समोरच्याला उडवाउडवी करता येत नाही.

जिल्हा परिषद: बऱ्याच जिल्हा परिषदा सेस फंडातून, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नातून दुर्धर आजारासाठी काही रक्कम देतात. जिल्ह्यागणिक आकडा वेगळा, पण अर्ज साधा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे विचारा.

संजय गांधी निराधार अनुदान योजना: कॅन्सरचा रुग्ण ६५ वर्षांच्या आतला आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत असेल तर महिन्याला १५०० रुपये. रक्कम लहान आहे, पण दर महिन्याला हातात येते. अर्ज तहसीलमध्ये.

४. रुग्णाला विचारल्याशिवाय काही नाही

हे मी खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं.

दादाला आम्ही 'गाठ आहे, काढली की झालं' एवढंच सांगितलं होतं. वहिनीला माहीत, गावाला माहीत, एसटी स्टँडवरच्या पानवाल्याला माहीत. एका पोरानं उत्साहाच्या भरात दादाचा लग्नातला फोटो लावून संदेश बनवला, 'कॅन्सरशी झुंजणाऱ्या आमच्या बंधूंना मदतीचा हात द्या' असा. तो फिरत फिरत दादाच्या मेव्हण्याकडे गेला आणि मेव्हण्यानं 'हे तुम्हीच का' म्हणून दादालाच पाठवला. दादानं आपला आजार मोबाईलवर वाचला. त्या रात्री जेवला नाही. सकाळी मला एवढंच म्हणाला, 'फोटो तरी बरा लावायचा.'

तेव्हा रुग्णाला आधी डॉक्टरांसमोर बसून आजार समजू द्या. मग विचारा: गावात सांगायचं का, फोटो लावायचा का, कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. दादाला बांधावरून भांडण असलेल्या एका घराचे पैसे नको होते. नाहीच घेतले.

बाई रुग्ण असेल आणि आजार स्तनाचा किंवा गर्भाशयाचा असेल तर संदेशात अवयवाचं नाव घालायची काहीच गरज नाही. 'गंभीर आजार' पुरे.

५. वर्गणीचा आकडा कसा काढायचा

योजनेची मंजुरी आल्यावर एका कागदावर मधोमध रेघ ओढा. डावीकडे योजना काय देते आणि उजवीकडे काय उरतं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये उजवीकडे साधारण हे येतं:

- मंजुरी येईपर्यंतच्या तपासण्या आणि प्रवास
- रेडिएशनच्या काळातलं राहणं. आठवड्याचे पाच दिवस, सहा-साडेसहा आठवडे. शेक पाच-दहा मिनिटांचा असतो, पण रोज असतो
- रुग्ण आणि सोबतचा माणूस, दोघांचं जेवण
- शस्त्रक्रियेनंतर नाकातून नळी असते तेव्हाचं पातळ खाणं: दूध, अंडी, डाळीचं पाणी, प्रोटीन पावडर
- रेडिएशनआधी दातांची कामं. किडके दात काढूनच लाईट सुरू करतात, आणि हा खर्च कुणीच धरत नाही
- घरचं बुडालेलं उत्पन्न
- पुढची दोन वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी दाखवायला जाणं

हा कागद बनवला की आकडा आपोआप समोर येतो. 'दहा लाख लागतील' असं मोघम सांगितलं की माणसं घाबरतात किंवा संशय घेतात. 'सहा आठवडे दोघांना मुंबईत राहायचंय' म्हटलं की प्रत्येकाला ते कळतं.

६. खातं आणि तीन माणसं

पैसे रुग्णाच्या पोराच्या फोन-पेवर घेऊ नका. पोरगं प्रामाणिक असतं, पण त्याच खात्यातून रिचार्जही होतो आणि खताची गोणीही येते. मग चार महिन्यांनी कुणी विचारलं तर त्याला स्वतःलाच सांगता येत नाही.

तीन माणसं ठरवा: एक घरचा, एक भावकीबाहेरचा आणि एक बाई. बचत गटाची सचिव असेल तर उत्तम. महिन्याच्या महिन्याला वही लिहायची सवय त्यांच्याइतकी गावात कुणाला नसते. खातं रुग्णाच्या नावावर दुसऱ्या एकासोबत संयुक्त काढा. रोख आलेली रक्कम त्याच दिवशी वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी बँकेत भरा.

कायद्याच्या तीन गोष्टी. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात ५० हजारांवर रक्कम एखाद्याच्या वैयक्तिक खात्यात आली तर प्राप्तिकराच्या नियमात ती त्याचं उत्पन्न धरली जाऊ शकते. आकडा मोठा होणार असेल तर तालुक्याच्या सीएला आधी विचारा, किंवा मोठे देणगीदार थेट रुग्णालयातच रुग्णाच्या फाईल नंबरवर भरतील असं पाहा. दुसरं, कुणी करसवलतीसाठी '८०जी'ची पावती मागितली तर सरळ सांगा, ती नोंदणीकृत संस्थेलाच देता येते. तिसरं, चौकात डबा ठेवून, बॅनर लावून जाहीर वर्गणी काढायची असेल तर धर्मादाय कार्यालयात विचारून घ्या. गणपतीच्या वर्गणीसाठी मंडळं कलम ४१ क खाली परवानगी काढतात, त्यामुळे गावच्या मंडळातल्या कुणाला तरी ही वाट माहीत असतेच.

७. संदेश कसा लिहायचा

पाच ओळींत. नाव किंवा नुसतं गाव, आजार, उपचार कुठे चालू आहेत, किती हवेत आणि कशासाठी, कुणाला विचारायचं. आणि दोन तारखा घाला: संदेश लिहिल्याची आणि वर्गणी बंद होण्याची. तारीख नसलेले संदेश वर्षानुवर्षं फिरतात. माणूस जाऊन दोन वर्षं झालेली असतात आणि त्याच्या बायकोला अजून फोन येतात, 'आता कसे आहेत?'

आधार, पासबुक, संपूर्ण फाईल ग्रुपवर टाकू नका. क्यूआर कोड टाकलात तर खाली खातेदाराचं नावही लिहा आणि 'पैसे पाठवण्याआधी नाव जुळतंय का पाहा' असं सांगा. कोड बदलून तोच संदेश पुढं ढकलणारे असतात.

मिलाप, केट्टो, इम्पॅक्टगुरू अशा ऑनलाइन व्यासपीठांबद्दल विचारतात. ज्यांची चार माणसं पुण्या-मुंबईत, परदेशात नोकरीला आहेत आणि जी दुवा आपापल्या ऑफिसात फिरवतील, त्यांना फायदा होतो. आपल्यातच दुवा फिरला तर आपलेच पैसे लांबच्या वाटेनं आपल्याकडे येतात. सुरू करण्याआधी शुल्क किती, जाहिरातीचा खर्च कापतात का आणि पैसे कुणाच्या खात्यात जातात, हे लेखी विचारा.

८. कुणाकडे, केव्हा

गावाकडं पैशाचा हंगाम असतो. ऊसबिल जमा झालं की हात सैल असतो, पेरणीच्या तोंडावर कुणाकडंच नसतं. दूध डेअरीत दहा दिवसांच्या बिलातून २०-५० रुपये कापून घ्यायला सभासद तयार होतात. कुणाला जाणवतही नाही आणि सहा महिने ओघ चालू राहतो. यात्रेला मुंबईकर येतात. आमच्या भागातलं प्रत्येक गाव म्हणजे एक गाव डोंगरात आणि एक गाव मुंबईत, माथाडीत, गोदीत, चाळीत. त्यांच्या ग्रामविकास मंडळाच्या सभेत अर्ज ठेवा.

घरोघर फिरताना मात्र वर्गणीचा आकडा ठरवून देऊ नका. 'प्रत्येक उंबऱ्यामागं ५००' म्हटलं की रोजंदारीवर जाणारी म्हातारी उसने काढून देते. आमच्याकडं तसं झालं. ते ५०० मी पुढं परत द्यायला गेलो तर तिनं घेतले नाहीत, वर दादासाठी चार अंडी दिली.

जमीन आणि दुभतं जनावर विकायचं घरात कुणी काढलं तर महिनाभर तरी रोखून धरा. घाईत विकणाऱ्याला भाव मिळत नाही.

९. पैरा आणि रक्त

दादाला सगळ्यात मोठी मदत झाली ती पैशाची नव्हतीच. पैरा म्हणजे आळीपाळीनं एकमेकांच्या रानात राबणं; लावणीचा त्याचा पैरा लोकांनी त्याच्या वतीनं फेडला आणि कापणीही उरकली. शेजारच्या काकूंनी त्याची म्हैस चार महिने सांभाळली, दूध त्याच्याच खात्यावर डेअरीला घातलं. मराठवाड्यात याला वारंगुळा म्हणतात. नाव काही असो, एका कागदावर वाटून घ्या: वैरण कुणाकडं, पोरांचा डबा कुणाकडं, म्हाताऱ्या आईच्या गोळ्या कुणाकडं.

रक्त हीही वर्गणीच. शस्त्रक्रियेआधी रुग्णालय रक्तदाते आणायला सांगतं. केमोत प्लेटलेट्स खाली आल्या तर त्या लगेच लागतात, आणि प्लेटलेट्स पाच दिवसांपेक्षा जास्त टिकत नाहीत, साठवून ठेवता येत नाहीत. म्हणून मुंबईतल्या आपल्या गावच्या दहा पोरांची नावं, रक्तगट आणि फोन आधीच लिहून ठेवा. ज्यांना रात्रपाळी असते त्यांच्या नावापुढं खूण करा.

१०. मुंबईत गेल्यावर

टाटा स्मारक रुग्णालय परळला, १९४१ पासून. नोंदणी करताना जनरल आणि प्रायव्हेट असे वर्ग असतात. 'प्रायव्हेटला लवकर होतं' म्हणून कुणी भरीला घालतं, पण आयुष्यभराचा उपचार त्या दरानं झेपणार आहे का याचा विचार खिडकीपाशी जायच्या आधी करा. वैद्यकीय समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जा. कुठल्या संस्थेकडून कोणत्या औषधाला मदत मिळते ते तिथं कळतं. बाहेर फुटपाथवर 'नंबर लावून देतो, मदत मिळवून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही दोन नावं आधी लक्षात ठेवा. दोन्हीकडं गर्दी असते, रुग्णालयाची चिठ्ठी लागते. रुग्ण लहान मूल असेल तर सेंट ज्यूड चाइल्डकेअर सेंटर्समध्ये आई-बापासह राहायची मोफत सोय होते, तीही रुग्णालयामार्फतच. नळीतून खाणं चालू असेल तर खोली घेताना एकच विचारा: मिक्सर लावता येईल का? आम्ही पहिली खोली याच कारणानं सोडली.

रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला शयनयान आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत, सोबत्याला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. एसटीच्या सवलतीचं आगारात विचारा.

आणि परळचाच हट्ट नको. तिथं उपचाराची दिशा ठरवून घ्या, मग डॉक्टरांना विचारा की रेडिएशन किंवा केमो घराजवळ घेता येईल का. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, मिरजेचं सिद्धिविनायक गणपती कॅन्सर रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय ही सगळी याच कामाची ठिकाणं आहेत. बार्शीत तर १९८७ पासून गावोगावच्या कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवली जाते. साडेसहा आठवडे मिरजेतून रात्री घरी परतणारा आणि मुंबईत भाड्यानं राहणारा, यांच्या खर्चात किती फरक पडतो ते पाचव्या पायरीतल्या कागदावर मांडून पाहा. आम्ही हा प्रश्न विचारलाच नव्हता.

११. हिशेब आणि उरलेले पैसे

दर महिन्याला एक पान डेअरीच्या भिंतीवर लावा: जमा, खर्च, शिल्लक. औषधांची बिलं वहीला टाचा. कुणी वाचत नाही असं वाटेल, पण डेअरीच्या रांगेत उभा राहणारा प्रत्येक माणूस वाचतो, आणि वाचून झाल्यावर कधीकधी खिशातून ५० रुपये काढतो.

पैसे उरले तर काय, आणि माणूस राहिला नाही तर काय, हे वर्गणी सुरू करायच्या आधी तिघांनी लिहून सही करा. नंतर हा विषय कुणाच्याच तोंडून निघत नाही. शेवटी दुसऱ्यांदा वर्गणी काढलीच, तेव्हा आम्ही लिहिलं होतं: 'शिल्लक रुग्णाच्या पुढील तपासण्यांसाठी, तीन वर्षांनी उरल्यास पंचक्रोशीतील पुढच्या रुग्णाच्या प्रवासासाठी.' दादाची तिसरी दिवाळी झाली तेव्हा खात्यात ११ हजार ३४० रुपये होते. आता त्यातून खालच्या वाडीतल्या एका पोरीची आई दर तीन आठवड्यांनी मिरजेला केमोला जाते. वही दादाकडंच आहे. तो तिच्या तिकिटाची बिलं मागून घेतो आणि मागितल्याशिवाय दिली तर तारीख तपासतो.